वन्संची बिनछपराची जीप

आमच्या वन्सं इंजिनाचं ऑईल चिमटीत धरून बघतात. अंगठा आणि बोट हळूच फाकवायचं, मधे तार धरते का पाहायचं आणि निकाल द्यायचा, "पाक गेला गं. बदलायला पाहिजे." मेकॅनिक कपाळावर हात मारतो, पण ऑईल बदलावंच लागतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुलोचना. साठी उलटलेल्या, उंच, आवाज खणखणीत. तरुणपणीच विधवा झाल्या. चारकोपला आमच्या शेजारच्या खोलीत राहतात आणि फराळाच्या ऑर्डरींवर त्यांनी सगळा संसार एकटीने रेटला. चकलीला काटा, अनारशाला जाळी, पाकाला तार. जगातल्या कुठल्याही वस्तूची परीक्षा त्या याच मापांनी करतात.

वांद्र्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा बंगला पाडायचा होता. अंगणात त्याच्या वडिलांची जीप कित्येक वर्षं उभी, बॉनेटमधून वेल वर आलेला. वन्सं लाडू पोचवायला गेल्या आणि त्यांनी जीपच मागून घेतली. मी बरोबर नव्हते. मला गाडी लागते. बसचा दरवाजा लागला की माझं पोट ढवळायला लागतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

टेम्पोमागे दोरीने ओढत जीप दारात आली तेव्हा आमचे हे म्हणाले, "अक्का, तुला सायकल तरी येते का गं?"

"तुला पुरणपोळी येते का रे? तरी नावं ठेवतोस ना?"

हे आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं दुपारी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या इस्माईलभाईंच्या गॅरेजात जाऊन बसू लागल्या. बसायला घरचा पाट, हातात शेवेचा डबा. हे काय, ते कशाला, असं विचारून विचारून त्यांनी त्या भल्या माणसाला हैराण केलं. तो म्हणायचा, "अम्मा, हाथ काले हो जाएंगे."

"तीस वर्षं तेलात भाजलेत हे हात. काळ्याचं काय घेऊन बसलास!"

गंजलेले नटबोल्ट त्यांनी चिंचेच्या कोळात भिजत घातले. कार्बोरेटर उघडला तेव्हा त्याचा एकेक तुकडा क्रमाने इडलीपात्राच्या खळग्यांत मांडला. त्या वर्षी आमच्याकडे इडल्या झाल्याच नाहीत. एवढ्या वयात गाडी चालवायचं लायसनही काढलं, तिसऱ्या खेपेला का होईना.

मलाही मधूनमधून बोलावणं यायचं. "मंदे, पुढच्या सीटवर बस गं जरा. स्प्रिंग किती दबते बघू." मी ठेंगणी, माझे पाय लोंबकळायचे. वन्संनी खाली फळी ठोकली. मग म्हणाल्या, "हात पुढे कर," आणि माझा हात पोचेल तिथे धरायला एक दांडी बसवली. मला वाटायचं, जीप दुरुस्त करायची रीतच अशी असेल.

फक्त एका गोष्टीवर इस्माईलभाईंचं आणि त्यांचं जमेना. इस्माईलभाईंनी कुठूनसं ताडपत्रीचं छप्पर मिळवलं होतं, सांगाड्यासकट. वन्सं म्हणाल्या, "नको."

"अम्मा, धूप है, बारिश है..."

"नको म्हटलं ना."

हट्टीपणा तो. मलाही तसंच वाटलं.

अशात इमारतीच्या रंगकामासाठी परांच्या बांधायचं ठरलं आणि जीप नेमकी आड येत होती. सोसायटीचे सेक्रेटरी नाडकर्णी आले. "मावशी, रविवारपर्यंत ही स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली तर ठीक. नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल." वन्संनी त्यांच्या हातावर चकली ठेवली. त्यांनी ती खाल्ली, छान झालीय म्हणाले, पण सोमवार काही सोडला नाही.

शनिवारी वन्संनी प्लगच्या चार वायरी लावल्या. पंगतीतल्या पानांसारख्या नीट ओळीने: एक, दोन, तीन, चार. मग स्टार्टर दाबला. असा बार उडाला की कावळे गेले ते गेलेच, आणि नाडकर्ण्यांच्या वाळत घातलेल्या बनियनवर काजळी बसली. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. कोणीतरी वरून ओरडलं, "मावशी, दिवाळी लवकर आली का?"

वन्सं खाली उतरल्या. पाटावर बसून राहिल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी चहा नेऊन दिला, तोही निवला.

रविवारी सकाळी इस्माईलभाई स्वतःच आले. बॉनेट उघडलं आणि पोट धरून हसले. "अम्मा, लाईन से नहीं! पहला, तीसरा, चौथा, फिर दूसरा!"

"हे काय बाई! पंगतीत असं वाढलं तर माणसं उठून जातील." पण वायरी त्यांनी स्वतःच्याच हाताने बदलल्या. इस्माईलभाईंना हात लावू दिला नाही.

जीप खोकली, थरथरली आणि सुरू झाली. वन्सं पदर खोचून चाकामागे बसल्या. कालच्याच गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. नाडकर्ण्यांनी आपण होऊन गेट उघडलं. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. मला कोणासमोर बोलता येत नाही, नाहीतर ओरडूनच सांगितलं असतं, आमच्या वन्सं आहेत त्या.

गेटबाहेर जीप थांबली. "मंदे, चल. बस."

"वन्सं, मला लागते हो गाडी."

"बस म्हटलं ना."

फळीवर पाय बरोबर टेकले. दांडी बरोबर हातात आली.

त्यांनी जीप थेट आरे कॉलनीत नेली, झाडांतल्या वळणांच्या रस्त्याला. दर वळणानंतर माझ्या तोंडाकडे बघायच्या. सगळीकडून वारा येत होता.

"ढवळतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, वन्सं."

त्यांनी जीप फिरवली आणि तीच वळणं पुन्हा घेतली. मग तबेल्यांपाशी सावलीत थांबवली.

"माळशेजचा घाट याच्याहून मोठा आहे," त्या समोर बघत म्हणाल्या. "पण वारा तिथेही असतो. दमादमाने जाऊ."

माझं माहेर माळशेजच्या वर आहे. एसटीत घाट सोसत नाही म्हणून माझं जाणंच सुटलं होतं, आणि आई आता खाली उतरू शकत नाही.

"गावी आमची आई गेली तेव्हा मी इथे चकल्या तळत होते," वन्सं म्हणाल्या. "ऑर्डर पुरी करून निघाले." आणि लगेच खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडलं. ऑईल चिमटीत धरून बघत बसल्या, बराच वेळ.

घरी आल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, येतेय.

"अगं, तुला गाडी लागते ना?"

म्हटलं, "आमच्या वन्संनी जीप केलीय, आई. तिला छप्परच नाही."