अण्णा गणपुले बोलले ती दुपार

एकदा भर दुपारी आमचे शेजारी अण्णा गणपुले दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आग."

माझ्या बायकोला वाटलं, चुलीसाठी विस्तव हवा असेल. एकटा माणूस, राहून गेला असेल पेटवायचा. तिने लगबगीनं चार निखारे कौलाच्या तुकड्यावर काढून त्यांच्यापुढे धरले. अण्णांनी निखाऱ्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि नुसतं बोट करून आमच्या घरामागे दाखवलं. तिथे पेंढ्याची उडवी धडाडून पेटली होती.

आळी धावली. उडवी गेली, गोठा वाचला. सगळ्यांत जास्त पाणी शेंदलं ते अण्णांनीच. सगळं निवल्यावर मी म्हटलं, "अहो अण्णा, 'तुमची उडवी पेटली' एवढं तरी म्हणायचंत!"

अण्णा ओलं धोतर पिळत होते. म्हणाले, "आग म्हटलं ना? वाफ दवडू नये."

तोंडची वाफ दवडू नये हे अण्णांचं ब्रीद होतं आणि रत्नागिरीत ते सर्वांना पाठ होतं. बाजारात ते सुरणाकडे बोट करायचे, भुवई उंचावून भाव विचारायचे आणि मान हलवून तो पाडून घ्यायचे. भाजीवाली वैतागून म्हणायची, "काय वो अण्णा, त्वांड उघाडलाव तर काय दात सांडतील?" अण्णा सुरण पिशवीत टाकून चालू लागायचे. आळीतल्या लिमये वकिलांनी फोनो आणला तेव्हा सगळी आळी ऐकायला लोटली. अण्णाही आले. पहिली तबकडी संपेपर्यंत उभे राहिले आणि लिमयांना त्यांनी एकच प्रश्न केला, "बंद कसा करतात?"

ते कोर्टात नक्कल-कारकून होते. वादी काय म्हणाला, प्रतिवादी काय म्हणाला, साक्षीदार उलटतपासणीत काय म्हणाला, ते सगळं सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढायचं, हे त्यांचं काम. लोक म्हणायचे, दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांत बुडालेला माणूस घरी येऊन कशाला बोलेल? मलाही ते पटायचं. बायको तरुणपणी, ते आमच्या आळीत येण्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही, यापलीकडे त्यांच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. कारण विचारलं तर सांगणार कोण?

तर असे हे अण्णा आमच्याबरोबर कैलासाला आले.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. एक संन्यासी गावात आले होते. ते कैलास-मानस करून आलेले. देवळात त्यांनी चार दिवस कथन केलं. बर्फ, दऱ्या, दोरांचे पूल, लुटारू, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आहे का तुमच्यापैकी कुणाची छाती?" लिमये वकिलांनी हात वर केला, कारण अशा वेळी हात वर न करणं त्यांना जमत नसे. मी शाळामास्तर; मी केला, कारण मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. आणि मागे खांबाला टेकून बसलेल्या अण्णांचा हात वर गेला.

घरी येताना मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्हाला कसं काय वाटलं जावंसं?"

चार पावलं चालून गेल्यावर उत्तर आलं. "तिथे कोणी नसतं म्हणे."

आम्ही बोटीनं मुंबई गाठली, पुढे आगगाडी, मग मोटार, आणि अल्मोड्यापासून पायपीट. कोकणातला माणूस चढउताराला भीत नाही असं लिमये निघताना म्हणाले होते. तिसऱ्या मुक्कामाला ते मीठ टाकलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसले आणि त्यांनी आमच्या घाटांची हिमालयाशी तुलना करणं सोडलं. काळी नदीच्या खोऱ्यात पाऊस लागला. जळवा पोटऱ्यांना चिकटून रक्त पिऊन टम्म फुगत. कड्यात कोरलेली वाट एवढी अरुंद, की समोरून मेंढ्यांचा कळप आला तर आम्ही भिंतीला पालीसारखे चिकटून उभे राहायचो. खाली नदीचा असा गर्जणारा आवाज, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. अण्णा त्या खोऱ्यात फार खुशीत होते.

त्यांचं सामान वेगळं, तंबूही वेगळा. तो त्यांनी शिडाच्या कापडाचा स्वतः शिवला होता. मुक्कामाला पोचलो की आमच्या तंबूपासून लांब, हाकेच्या बाहेर जागा बघून ते तो ठोकायचे. कुळथाचं पीठ आणि आमसुलं बरोबर होती. आपलं पिठलं आपण करायचे, आपलं भांडं आपण घासायचे. आमचा वाटाड्या मानसिंग वाटेवरच्या गर्ब्यांग गावचा भोटिया, त्या सरहद्दीवरचा पहाडी, मोठा हसरा माणूस. पहिले दोन दिवस त्याची समजूत होती की या पंडितजींनी मौनव्रत घेतलं आहे, म्हणून तो रोज सकाळी त्यांच्या पाया पडायचा. अण्णांनी ती समजूत दुरुस्त केली नाही. त्यालाही वाफ लागलीच असती.

लिपूलेखच्या खिंडीत गुडघाभर बर्फ होता. हवा विरळ, दहा पावलं टाकली की छाती भात्यासारखी हलायची. तिथे लिमये वकिलांचं बोलणं आयुष्यात प्रथमच थांबलं. "मास्तर, मला—" एवढं म्हणून ते काठीवर वाकले आणि पुढचं वाक्य आलंच नाही. अण्णांनी त्यांची पडशी निमूट आपल्या खांद्यावर घेतली. खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, सभोवार पाहिलं आणि आपणहून म्हणाले, "इथली हवा उत्तम."

लिमयांनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. दुसरं काही करण्याजोगं त्यांच्यात त्राण नव्हतं.

आम्ही कैलासाची प्रदक्षिणा केली, मानस सरोवरात बुडी मारली आणि जिवंत परत आलो. लिमयांनी देवळात त्यावर पाच व्याख्यानं दिली. अण्णांना लोकांनी रस्त्यात गाठून विचारलं, "कैलास कसा काय आहे?" अण्णा म्हणाले, "उंच." भाजीवालीनं विचारलं तेव्हा तेवढंही म्हणाले नाहीत, फक्त हात डोक्यावर नेऊन दाखवला. लोक हसले. माणूस कैलासाला जाऊन आला तरी होता तसाच राहिला, असं सगळे म्हणाले.

अण्णा होते तोवर त्या प्रवासातली एक दुपार मी कुणालाही सांगितली नाही, घरातही नाही. आता अण्णा नाहीत. म्हणून सांगतो.

खिंड उतरून आम्ही तिबेटच्या पठारावर आलो होतो. तिथे झाड नाही, झुडूप म्हणावं तर वीतभर काटेरी. नजर पोचेल तिथवर मातकट माळ आणि त्याच्या कडेला बर्फाचे डोंगर. माणूस दिसलाच तर आधी वाटतं दगड असेल. आमच्याकडे कातळाच्या उघड्या सड्यावर उभं राहिलं तर निदान समुद्राचा आवाज येतो. इथे वाऱ्याशिवाय काही नाही. त्या मोकळेपणात मी आपला सामानाच्या खेचराची दोरी धरून चालायचो.

अण्णा नेहमीसारखे एकटे पुढे चालले होते. दुपारी एकाएकी आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. साध्या गारा नव्हेत, आवळ्याएवढ्या. आम्ही खेचरांच्या आडोशाला डोक्यावर घोंगड्या घेऊन बसलो. गारा थांबून पाहतो तर सगळा माळ पांढरा, वाट नाही, ठसे नाहीत आणि अण्णा नाहीत.

मुक्कामाच्या जागी पोचलो. तिथेही ते नव्हते. लिमये तापानं फणफणले होते. त्यांना तंबूत निजवून मी आणि मानसिंग निघालो. मानसिंग आता हसत नव्हता. गारठलेला माणूस दमून बसतो, बसला की त्याला झोप येते, आणि ती झोप लागली की संपलं, असं त्यानेच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"अण्णा! अहो अण्णाऽ!" मी ओरडत होतो. आवाज त्या माळावर जाऊन कुठे विरायचा कळायचं नाही. आणि मध्येच एक विचार माझ्या मनात आला. अण्णांना हाक ऐकू आली तरी ते ओ देतील का? त्याही अवस्थेत मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

एक उंचवटा ओलांडला तर खालच्या खोलगटात धूर दिसला. याकच्या केसांचा काळा, बसका तंबू होता. मेंढपाळांचा असावा. दारात बांधलेला अक्राळविक्राळ कुत्रा आमच्यावर भुंकला आणि मानसिंगनं काहीतरी म्हटल्यावर गुरगुरत बसला. आम्ही जवळ गेलो आणि मी जागच्या जागी थांबलो.

आत कुणीतरी मराठी बोलत होतं.

आमच्याकडच्या हेलातलं, सावकाश, सलग मराठी. तो आवाज मला ओळखू येईना. वर्षानुवर्षं शेजारी राहून मी अण्णांच्या तोंडून एका वेळी पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त कधी ऐकलेच नव्हते.

तंबूच्या फटीतून आतलं दिसत होतं. शेणाच्या विस्तवापाशी अण्णा बसले होते, अंगावर मेंढीचं कातडं. हातात लाकडी वाटी, वाटीत तो तिकडचा लोण्याचा खारट चहा. आमच्या भांड्यातलं पाणी न पिणारे अण्णा मधूनमधून त्याचा घोट घेत होते. समोर एक म्हातारी, चेहरा सुकलेल्या आमसुलासारखा, हातात टकळी फिरवून लोकर कातत होती. दुसरं कोणी नव्हतं.

"फार बोलायची हो," अण्णा तिला सांगत होते. "सकाळी उठली की सुरू. फणसाला कुयऱ्या किती धरल्या, गाय आज कुणाकडे बघून हंबरली, स्वप्नात तिची आई आली ती कुठलं लुगडं नेसून आली. मी कोर्टातून यायचा, तर दारातच. पायसुद्धा धुऊ द्यायची नाही. माझं डोकं आधीच लोकांच्या जबान्यांनी भणभणलेलं. एक दिवस म्हटलं, बाई गं, जरा गप्प बसशील? उगाच वाफ दवडतेस."

म्हातारीनं मान हलवली आणि टकळीला पीळ दिला.

"बसली की गप्प. रागावली नव्हती हो. हसली. तोंडावर बोट ठेवून दाखवलंन. मग पाट मांडला तो खुणेनं, वाढलं ते खुणेनं. तिला गंमत वाटत होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? म्हटलं, उद्या बोलेल आपणहून. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तरी 'बोल' कशाला म्हणू? बघू म्हटलं, किती दिवस धरवतं. आणि मग साथीचा ताप आला. तिथल्या आळीत घरटी माणूस गेलं तेव्हा. तापात तिची वाचाच बसली."

अण्णांनी वाटी खाली ठेवली.

"शेवटी तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलत होते. मी कान अगदी तोंडाशी नेला. ऊन ऊन लागत होतं कानाला. पण शब्द नाही आला. मी म्हटलं, बोल, बोल गं, हवं तेवढं बोल."

मानसिंग माझ्याकडे पाहत होता. मी तंबूच्या दोराला धरून उभा होतो. आत जाऊन "अण्णा, चला" म्हणणं हे माझं काम होतं, पण पाऊल उचलेना.

"काय असेल हो?" अण्णांनी त्या म्हातारीला विचारलं. खरोखरच विचारलं, उत्तर हवं असल्यासारखं. "काय म्हणायचं असेल तिला?"

म्हातारीची टकळी थांबली. तिने अण्णांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, त्यांच्या वाटीत आणखी चहा ओतला आणि ती बोलायला लागली. तिच्या भाषेत, हातवारे करत, भरभर.

मी मानसिंगच्या कानाशी लागून विचारलं, "काय सांगते आहे?"

मानसिंगनं क्षणभर ऐकलं आणि तो त्या दुपारी पहिल्यांदा हसला. "कुछ नहीं, बाबूजी. भेड़ की बात है. एक भेड़ है उसकी, काली. बहुत शैतान है. रोज रस्सी तोड़कर भागती है."

आत अण्णा पुढे झुकले होते, कान तिच्याकडे करून.

"मग?" ते म्हणाले.

म्हातारीनं मेंढी कशी पळाली ते हाताने दाखवलं.

"अगंबाई! मग?"

मानसिंगनं हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. वारा बोचत होता, तरी आम्ही कुत्र्यापासून जरा लांब, तंबूला पाठ लावून बसून राहिलो.

पुष्कळ वेळानं अण्णा बाहेर आले. आम्हाला पाहून दचकले.

"केव्हा आलात?"

"आत्ताच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. म्हातारी त्यांच्या पाठोपाठ बाहेर आली होती आणि अजून बोलतच होती. निघालो तरी ती चार पावलं बरोबर आली. डोंगराकडे बोट करून, बहुधा त्या काळ्या मेंढीचंच काहीतरी सांगत राहिली. मी आणि मानसिंग वाटेला लागलो. अण्णा मात्र तिच्याकडे तोंड करून, गारांवरून घसरत, अडखळत, उलट्या पावलांनी चालत होते. तिचा आवाज येईनासा होईपर्यंत ते वळले नाहीत.