सिदूआबांची हाक

सिदूआबांशी बोलायचं असेल तर मध्ये निदान एखादं शेत तरी लागतं. ओढ्याच्या पलीकडे तुम्ही आणि अलीकडे ते, असं असलं म्हणजे त्यांना किती बोलू आणि किती नको असं होतं. पण तेच आबा कट्ट्यावर शेजारी येऊन बसले की संपलं. धोतराचा सोगा चाळवतील, खोकतील, "बराय" म्हणतील आणि उठून चालू लागतील. मग पार तिकडं बाभळीपाशी पोचले की वळून हाक मारतील, "आक्काऽऽ, म्हस कवा व्यायची हाय तुमचीऽऽ?" आणि मी इथून ओरडून माझ्या म्हशीचं बाळंतपण साऱ्या गावाला सांगायचं.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये नुसतं काट्यांचं कुंपण. इतक्या वर्षांत माझाही आवाज चढलाय. मिरजेला लेकीकडं गेले की ती म्हणते, "आई, हळू बोल गं, वरच्या मजल्यावरची माणसं डोकावतात." काय करणार, शेजारच तसा मिळाला.

आता याला कारण आहे. आमचं गाव म्हसवडच्या पुढं, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. सगळा माळ. आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कराडकडं, कृष्णेच्या अंगाला उतरायचं आणि मिरगाच्या तोंडाला परत यायचं. या टेकडीवर हे, त्या टेकडीवर भाऊ, मध्ये मेंढरं. जवळ येऊन बोलायची सवय लागणार कुठून?

असा माणूस सरपंच कसा झाला म्हणाल, तर गावातल्या दोन पार्ट्यांमुळं. एकीला दुसरीचा माणूस नको होता. कोणीतरी म्हणालं, "सिदूआबास्नी करा, ते कुनाच्या बाजूनं बोलायचं न्हाईत." हे तर खरंच होतं. जवळून ते कुणाशीच बोलत नव्हते. झाले सरपंच. पण खुर्चीत काही बसले नाहीत. पंचायतीच्या पायरीवर बसायचे. "खुर्चीतनं गाव दिसत न्हाई," म्हणायचे. ग्रामसेवक बिचारा कागद घेऊन पायरीवर यायचा आणि सही घेऊन चार हात मागं सरकायचा, म्हणजे मग आबा सांगायचे की कागद कळला की नाही.

तेवढ्यात तो कोरोना आला. तालुक्याच्या साहेबांनी येऊन सांगितलं, एकमेकांपासून लांब राहा, लांबूनच बोला. साऱ्या गावाला ते जड गेलं. आबा तेवढे खूश. "आता कसं शान्यावानी बोलला सायेब," म्हणाले.

पंचायतीनं भोंगा आणला, की सरपंचांनी रोज सूचना द्याव्यात. आबांनी माईक हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि गप्प. गाव कान देऊन बसलेलं आणि भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येतोय. शेवटी माईक ग्रामसेवकाच्या हातात देऊन बाहेर आले. "त्ये कनीस तोंडाम्होरं आलं की बोलाय सुचत न्हाई," म्हणाले, आणि देवळाच्या उंचवट्यावर चढून सगळ्या सूचना तशाच ओरडून सांगितल्या. पलीकडच्या गावानंसुद्धा त्या पाळल्या असतील.

आमच्याकडची तरणी पोरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत पांगलेली. टाळेबंदी झाली तशी मिळेल त्या गाडीनं घराकडं निघाली. कुठं कुठं भांडणं पेटली. घरचे म्हणत पोरगा घरात घेणार, बाकीचे म्हणत वेशीच्या आत पाऊल नको. आबांनी आमच्याकडं ते पेटूच दिलं नाही. "नवं मेंढरू आनलं तर एकदम कळपात सोडताय व्हय? आदी वायलं ठिवायचं, नजर ठिवायची, मग सोडायचं. त्यात मेंढराचा काय अपमान हाय?" मराठी शाळेत सोय केली आणि शाळेभोवती वाघर लावली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. मास्तर म्हणाले, "आबा, शाळेला कंपाउंड आहे की." आबा म्हणाले, "आसंना. वाघर असली की मला झोप लागती."

इथवर ठीक होतं. पण मेंढरांच्या पाठीवर ओळखीला रंग लावतात ना, तीही सवय अंगात. पुण्याहून पहिली गाडी आली, तीत पाटलांचा इंजिनियर जावई. आबांनी बांबूला कुंचा बांधला आणि लांबूनच जावयाच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागनं निळा पट्टा ओढला. जावई गोरामोरा. सासरे तणतणत आले.

"आवं आबा, जावई हाय त्यो आमचा."

"म्हनून तर निळा लावला. गावच्या पोरास्नी तांबडा हाय."

वरून फोन आला, माणसांना रंग लावायचा नाही. आबांनी कुंचा ठेवून दिला, पण त्यांना ते पटलं नाही. कितीतरी दिवस म्हणत होते, "मग वळखायचं कसं?"

बाकी पंचायतीनं केलं मात्र मनापासून. द्राक्षबागेत औषध मारायचा ट्रॅक्टर आणून गल्ल्या फवारल्या, त्यात माझे वाळत घातलेले सांडगेही फवारले गेले. शाळेतल्या माणसांना घरोघरच्या पाळीनं भाकरी-कालवण. म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मिरजेहून मोटरसायकलवर मागवायच्या. विधवा, एकटी माणसं, पालावरची कुटुंबं, सगळ्यांच्या दारात धान्य पोचलं का, हे आबा स्वतः बघायचे. म्हणजे दारात जायचे नाहीत, आडव्या रस्त्यावर उभे राहून विचारायचे.

आणि सांजेची हाक. दिवस कलला की आबा निघायचे आणि घरागणिक नाव घेऊन हाक द्यायचे. "पांडूऽऽ, हाय काऽऽ?" आतून उत्तर यायलाच पाहिजे. "हाय आबाऽऽ." मग पुढचं घर. आवाज बसलेला वाटला की लगेच आरोग्य केंद्राच्या आशाताईंना, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा देऊन, तिकडं पाठवायचे. आबांची पारख बरोबरच यायची असं मुळीच नाही. पांडूचा आवाज बसलाय म्हणून त्याला आरोग्य केंद्रात नेला, तर तो दिवसभर बायकोशी भांडून बसला होता. बायको म्हणाली, "आबा, मलाबी न्या की, माजा त्याच्यापरास जास्त बसलाय." गावानं पहिल्यांदा चेष्टा केली. मग कशी काय कोण जाणे, सवय लागली. जरा उशीर झाला की माणसं दारात येऊन बसायची, अजून आपलं नाव आलं नाही म्हणून.

ही फेरी आबांच्या स्वतःच्या घरापाशी संपायची. आणि त्या घरात कुणी नव्हतं. अनसावहिनी, म्हणजे आबांची बायको, गलाईवाल्या मुलाकडं, पार मद्रासकडं सेलमला गेल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला. तिथंच अडकल्या. आबा त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. फोन यायचा वहिनींचा. पण फोन म्हणजे पुन्हा कानाशी बोलणं. आबा तो अंगणात बाजेवर ठेवायचे, आपण गोठ्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, "बारक्या दूध पितो काऽऽ?" फोनमधून वहिनींचा बारीक आवाज यायचा, "जेवलासा का?" आबा मान हलवायचे. आता फोनला मान कशी दिसणार. मी कुंपणावरून सांगायचे, "जेवले वहिनी, मीच दिलंय."

एकदाची परवानगी मिळाली आणि गाडी आली. गाडीत वहिनी, मुलगा बाळू, सून आणि फडक्यात गुंडाळलेलं नातवंड. गाव लांब लांब उभं. पाटील तर मुद्दाम आलेले, सरपंच आता स्वतःच्या माणसांचं काय करतात ते बघायला. आबांनी वडाखालून हात वर केला आणि शाळेकडं दाखवला.

वहिनी उतरल्या. गुडघे धरून उभ्या राहिल्या, वाघरीकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "आक्का, बघा हो. ह्या मान्साच्या मेंढरांमागं जल्म घातला. आता मलाच वाघरंत घातलं."

पण खरा राग त्याचा नव्हता. तो सांजेला आला. आबा शाळेसमोर मैदानाच्या टोकाला उभे राहिले. "बाळूऽऽ." "हाय आबा." "सुरेखाऽऽ." "हाय मामंजी." बाळाचं अजून नाव ठेवलं नव्हतं, तर त्यालाही, "आरं बारक्याऽऽ, हाय का?" आणि मग आबा थांबले, टोपी सारखी केली आणि निघून गेले.

आमच्या वयाच्या माणसांना हे सांगायला नको. नवरा बायकोचं नाव घेत नाही. घरात "आगं", चारचौघांत "बाळूची आई". आबा तर जवळ असले की तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी तेच झालं. वहिनी व्हरांड्याच्या खांबाला टेकून पाठ फिरवून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आशाताई घाबऱ्या होऊन माझ्याकडं आल्या. वहिनींना ताप होता, अन्नाला शिवल्या नव्हत्या आणि तपासू देत नव्हत्या.

"काय म्हनत्यात?" मी विचारलं.

"म्हनत्यात, गावातल्या समद्यांची हाक हुती, माजी न्हाई. म्हंजे मी गावातच न्हाई. मग ताप कुनाचा बघतीस?"

त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाचा ताप म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. गेलेली माणसं परत घरी आणूही देत नव्हते. मी सरळ कुंपणापाशी गेले. आबा गोठ्यात होते. त्यांनाही कळलेलं होतं. शेणाची पाटी तशीच हातात.

"आबा, नाव घ्या त्यांचं."

आबा जवळ आले. मी इतक्या जवळून त्यांना बोलताना तेव्हा प्रथमच ऐकलं, तेही पुटपुटल्यासारखं. "लगीन झाल्यापास्नं कवा घेतलं न्हाई, आक्का."

"मग आज घ्या."

"समदं गाव ऐकंल."

"ऐकू द्या की. गावाचं काय जातंय?"

सांजेला ते मैदानाच्या टोकाला उभे राहिले. बाळू झाला, सून झाली, बारक्या झाला. मग आबा थांबले. आज निघून गेले नाहीत. आम्ही सगळे आपापल्या दारात.

"अनसाऽऽ. हाय काऽऽ?"

टेकड्या ओलांडणारा तो आवाज, पण मध्येच मिसरूड फुटणाऱ्या पोरासारखा चिरकला. पांडू हसला, तर त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. शाळेतून उत्तर नाही.

"अनसाऽऽ, हाय का?"

काही नाही. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तिसऱ्यांदा "हाय का" असं विचारलंच नाही. नुसतं नाव घेतलं. लांबलचक.

"हाय," वहिनी म्हणाल्या. आणि आशाताईंकडं बोट पुढं करून म्हणाल्या, "लाव त्यो तुजा चिमटा."

चिमट्यात काही वाईट निघालं नाही. ताप प्रवासाचा आणि उपाशी राहण्याचा होता, तो उतरला. ठरलेले दिवस भरल्यावर त्या घरी आल्या. आबा आपले पुन्हा गोठ्यापाशी, बाभळीपाशी, आणि घरात पुन्हा "आगं".

एकदा दुपारी आम्ही दोघी कुंपणाला मटकी निवडत बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, पहिली हाक ऐकू आली नव्हती व्हय तुम्हाला?"

"आली हुती की."

"मग लगेच ओ का दिली नाही?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब टाकला.

"दिली असती तर त्ये गप बसलं असतं."