ठोकून ऐकणारा सिरदार

"उठा सारे! ताटं तशीच ठेवा अन् भिंतीले लागा!"

माझ्या नव्या घराच्या जेवणाची दुसरी पंगत बसली होती. वांग्याची भाजी वाढून झाली होती, भजी फिरत होती, आणि पंगतीच्या मधोमध कोरी फरशी कानाला लावून एक लांबलचक माणूस पालथा पडला होता. बोटाच्या पेरांनी फरशी ठोकत होता, थांबत होता, ऐकत होता, आणि ओरडत होता. "अथी खाली जागा हाय."

तीनशे माणसं एका श्वासात भिंतींना चिकटली. माझं अख्खं घर तीनशे माणसांचं नाही हे खरं. पण त्या क्षणी ती मावली. आमचे एक पाहुणे मारेगावचे होते. ते जे पळाले ते हातातल्या भज्यासकट मारेगावातच थांबले, असं ऐकतो. भजं तोवर गरम होतं, असंही सांगणारे आहेत.

घर पडलं नाही. अजून उभं आहे. पण त्या एका फरशीवर मी आजही पाय देत नाही. बायको देते, पण ती माझ्याशी संसार करते म्हणजे मुळातच धीट.

हा लांबलचक माणूस म्हणजे आमच्या राजूरचा नामदेव सिरदार, माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. सिरदार हे आडनाव नाही, हुद्दा आहे. कोळशाच्या भुयारात पाळीतल्या सगळ्यांच्या आधी सिरदार उतरतो, काठीनं छत ठोकतो आणि आवाज ऐकतो. छत भरीव असेल तर खणखणतं, सुटलेलं असेल तर ढोलासारखं बोलतं. तो 'या' म्हणेल तेव्हा बाकीचे आत जायचे आणि पाळी संपली की सगळ्यांच्या मागून तो बाहेर यायचा. पहिला आत, शेवटी बाहेर. तीस वर्षं त्यानं हेच केलं. मग तो निवृत्त झाला, पण बोटांना कोणी निवृत्तीचा कागद दिला नाही.

तो सगळं ठोकायचा. टरबूज, माठ, दवाखान्याची भिंत, एस.टी.चा पत्रा. नवा जावई दाखवायला आणला की छातीवर दोन टिचक्या मारून कान लावायचा. एकदा सरपंचाच्या पाठीवर ठोकून भर सभेत "पोकळ" म्हणाला. सरपंच पुढं चार महिने त्याच्या गल्लीतून गेला नाही. "माणूस लबाड बोलते मास्तर, आवाज नाही बोलत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत मास्तर आहे. माझं डोकंही त्यानं ठोकून पाहिलं होतं. निकाल मी इथं देणार नाही.

इथवर सगळं हसण्यासारखं. आता हसू जरा आवरा.

सिरदाराच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या वळणावर एक गाठ होती. मी राहायला आलो तेव्हा बोराएवढी, मग लिंबाएवढी, आणि मी गोष्ट सांगतोय म्हणून नव्हे, पण पुढं एखाद्या लहान आंब्याएवढी. तिनं कानाची पाळी वर उचलून धरली होती. त्यामुळं तो कान कायम कशाकडं तरी लागल्यासारखा दिसायचा. आणि रोज दिवेलागणीला सिरदार ओट्यावर बसून ओठ हलवायचा. आवाज अजिबात नाही. भुवया वर, हात हवेत, मधेच हसणं, मधेच मान हलवणं, तासभर. समोर कोणी नाही. गल्ली म्हणायची, खालच्यांशी बोलते. खालचे म्हणजे कोण, हे राजूरमधे कोणी विचारत नाही. आमच्या पायांखाली जुनी भुयारं आहेत, आणि तिथं काय उरलंय ते आम्हाला माहीत करून घ्यायचं नाही.

घरात बायको होती, सुभद्राकाकू. ती गल्लीत कोणाशी बोलायची नाही. हाक मारली तर वळूनही पाहायची नाही. गल्लीनं तिला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. मीही.

एकदा ओट्यावर त्यानं मला जवळ ओढलं. "कान लावा," म्हणाला. मी लावला. कातडी थंड होती, ओल्या दगडासारखी. त्यानं बोटानं गाठीवर दोनदा ठोकलं. टक, टक. आणि आतून तिसरी टक आली.

मी ठोकलं नव्हतं. त्याचं बोट हवेत होतं.

"बारा वर्सं झाले," तो शांतपणे म्हणाला, "परत ठोकते." त्या ठिकाणी मोठी रक्तवाहिनी जाते, असं पुढं एका डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. समजावू द्या. त्यांनी कान लावला नव्हता.

ऑपरेशन कर, म्हणून मी किती वेळा सांगितलं. तो हसून विषय फिरवायचा, नाहीतर मला ठोकायचा. मग गेल्या वर्षी पोळ्यानंतर एका सकाळी माझ्या दारावर तीनदा टकटक झाली. सिरदार उभा होता, मागं काकू. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा.

"मास्तर," तो म्हणाला, "आवाज बदलला."

आम्ही यवतमाळला गेलो. तिथल्या डॉ. राठोडबाई महागावकडच्या तांड्यावरच्या, वयानं सिरदाराला मुलीसारख्या. त्यांनी गाठ चाचपली, सुईनं थेंबभर माल काढून तपासायला पाठवला, फोटो काढवले. आठ दिवसांनी आम्हाला समोर बसवलं. ही लाळेच्या ग्रंथीतली गाठ, म्हणाल्या. बहुतेक अशा गाठी साध्या असतात, वर्षानुवर्षं बसून राहतात. पण फार दिवस राहू दिली तर क्वचित त्या साध्या गाठीच्याच पोटात वाईट गाठ मूळ धरते. ही त्यातली. दुर्मीळ आहे, पण काढता येते, आणि लवकर काढायला हवी.

"तोंड हलण्यात काही बदल जाणवला का?" त्यांनी कागदात पाहत विचारलं.

सिरदारानं काकूकडं बोट केलं. बाईंनी एकदा तिकडं पाहिलं आणि पुन्हा कागदात मान घालून काकूला तोच प्रश्न केला. काकू गप्प. पुन्हा विचारलं. काकू भिंतीकडं पाहत होती. मला वाटलं, आता इथंही गर्व.

तेव्हा सिरदार काकूकडं वळला आणि त्यानं ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. भुवया वर, एक हात हवेत. अगदी ओट्यावरच्यासारखे.

"तोंडाचा डावा कोपरा मांगून येते," काकू म्हणाली. आवाज सपाट आणि खोलीच्या मानानं फार मोठा. "उजवा आंधी, डावा मांगून. दोन महिने झाले."

ओट्याच्या समोर काकूच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. इतकी वर्षं मी त्या खिडकीकडं पाहिलंच नव्हतं.

टीबीच्या इंजेक्शनांनी तरुणपणीच तिचे दोन्ही कान गेले, हे सिरदारानं खाली पाहत सांगितलं. लोक बहिरी म्हणून हसतील, म्हणून त्यानं कोणाला कळू दिलं नाही. गर्विष्ठ म्हणाले तर म्हणू दिलं. रोज दिवसभराचं सगळं तो तिला खिडकीतून सांगायचा. कोण मेलं, कोण पळालं, सरपंच कसा पोकळ निघाला.

बाईंनी कागदावर चित्र काढलं. चेहरा हलवणारी शीर या ग्रंथीतून जाते, झाडासारख्या पाच फांद्या फुटतात. ग्रंथीचा एक थर शिरेच्या वर, एक खाली. सिरदार वाकला, तीस वर्षांचं भुयार त्याच्या डोळ्यांत आलं.

वरचा थर काढायचा अन् मधला फाटा तसाच ठेवायचा, असंच ना, त्यानं विचारलं. बाई हो म्हणाल्या. माल खालच्या थरात असेल तर? मग फांद्या उचलून धरून खालून काढावा लागतो. म्हणजे टेकू न पाडता कोळसा. बाईंनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा हो म्हणाल्या.

"अन् टेकूच मालात गेला असन त?"

"मग तो टेकू कापावा लागेल, काका. जीव वाचवायचा तर."

सिरदारानं चित्रावर बोट ठेवलं. ठोकलं नाही.

"बाई, मले मराचं भ्या नाही. पण तोंड गेलं त हिच्यासंग कोण बोलन? हिले दुसऱ्या कोणाचं तोंड वाचता येत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी तो स्ट्रेचरवरून उतरला. आत जायच्या आधी ठोकणार, म्हणाला. दोन परिचारिका संतापल्या. राठोडबाई म्हणाल्या, ठोकू द्या. हिरव्या झग्यातला तो लांब माणूस दाराच्या चौकटीला कान लावून उभा राहिला, टक, टक.

"झालं काका? आज पहिली आत मी जाते."

"मंग शेवटी बाहेर बी तुमीच या," सिरदार म्हणाला आणि आडवा झाला.

घड्याळ म्हणालं, सहा तास लागले. घड्याळांचं मी मनावर घेत नाही; मला ते सहा आठवडे होते. काकू दाराकडं पाहत बसली होती, पापणी न लवता. पंख्याचा, पावलांचा, कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज तिला नव्हताच. तिच्यासाठी ते एक हलणारं, मुकं दार होतं. माझं बोट नकळत शेजारच्या भिंतीवर गेलं. ठोकलं. पलीकडून काही आलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

राठोडबाई खरंच सगळ्यांच्या शेवटी बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. चार फांद्या त्यांनी सोलून वाचवल्या होत्या. डोळा मिटणार होता, कपाळ हलणार होतं. खालच्या ओठाची फांदी मात्र गाठीच्या आतूनच गेली होती. ती कापली. पुढं मशीनचे शेक घ्यावे लागतील, पण त्या समाधानी होत्या. मी काकूसमोर उभा राहून हे सगळं सावकाश बोललो. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली आणि तिनं मान हलवली. कळलं नाही, अशी.

तीन दिवस सिरदारानं तोंडावरून दुपट्टा काढला नाही. जेवायचा तोही भिंतीकडं वळून. मी आलो की बोलायचा, दुपट्ट्याच्या आतून, जड, ओघळत्या आवाजात. काकू आली की डोळे मिटून घ्यायचा. बोटं चादरीवर निपचित. जगातली एकही वस्तू ठोकावीशी वाटत नाही असा सिरदार मी पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगतो, परत ठोकणाऱ्या गाठीपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी काकू आली. डाव्या बाजूला ठेवलेलं स्टूल तिनं उचललं आणि पलंगाला वळसा घालून उजवीकडं ठेवलं. बसली. मग हात लांबवून तिनं दुपट्टा काढून घडी करून मांडीवर ठेवला. सिरदाराचं तोंड उजवीकडं ओढलं गेलं होतं, डावा ओठ मेणासारखा स्थिर. त्यानं चेहरा फिरवू पाहिला. तिनं त्याची हनुवटी धरून परत आणली.

मग त्याचा अर्धा ओठ हलला. भुवया वर गेल्या. एक हात चादरीतून निघून हवेत आला. आवाज नाही. दहा मिनिटं तो बोलत होता, अर्ध्या तोंडानं. मधेच डोळ्यांतून पाणी, मधेच हसू. ती पाहत होती, मधेच मान हलवत होती. आजूबाजूच्या पलंगांवरचे रोगी उठून बसले होते.

ती भांडी धुवायला बाहेर आली तेव्हा मी नळाजवळ तिला गाठलं. समोर उभा राहिलो, बोट आतल्या पलंगाकडं केलं, मग माझ्या ओठांवर ठेवलं आणि हातानंच विचारलं, काय म्हणत होता.

"वरण पातळ हाय म्हणते," काकू म्हणाली. "हायच."