कोंडसरच्या फुलास शेपूट जोडिल्याची हकीकत

श्री अक्षरास, जे उतरत्या वयात का होईना भेटले, त्यास दंडवत करून लिहितो. प्रथम शेपटाची उत्पत्ती. पूर्वी रोमक म्हणोन थोर लोक होते, ते आपले लातिन भाषेत गावाचे नावापुढे 'एन्सिस' ऐसे शेपूट जोडीत, म्हणजे 'तेथील'. जैसे आपणांत गावास 'कर' लाविती. मग रोमकांचे राज्य बुडाले, फौजा गेल्या, आणि शेपूट तेवढे उरले. ते पुढे पंडितांनी उचलोन झाडांस व किड्यांस लाविले, आणि राज्योराज्यी तोच रिवाज पडला.

शके एकोणीसशे तीन, दुर्मतिनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव घ्यावयाचे कारण नाही, कोंडसर नामे गाव नदीकाठी होते, आणि धरण बांधोन ते बुडवावे ऐसे दरबारचे मनात आले. गावालगतच्या कातळावर भाद्रपदात निळे फूल येई, ते अन्यत्र कोठे नव्हते. तेथे अच्युतपंत नामे झाडांचे पंडित आले आणि फूल पाहोन बोलिले, "हे नवे आहे. यास कोंडसरेन्सिस ऐसे नाव देतो." तेव्हा बयजाबाई पाटलीण पुढे होवोन पुसती जाहली, "पंत, गावाच्या नावाचं फूल दरबार बुडवील का वो?" पंत बोलिले, "झाड येथेच असते, हे कळल्यावर दरबारास विचार करावा लागेल. पण रिवाज ऐसा की, झाड कंदासकट सुकवोन राजधानीत ठेवावे, तेव्हा नाव लागते. सकाळी एखादे आणवा." तो तात्या गुरव हसोन म्हणाला, "बयजाकाकी, फूल आता कोंडसरकर झालं, हळदीकुंकवाला बोलवा की त्याला!" बाई बोलिली, "बोलवीन. तुला कोण बोलवीत न्हाई म्हणून जळतोस व्हय?" आणि सारे हसले. गाव हसले ते तेवढेच.

गावचा अनुभव ऐसा की, दरबारी अर्जावर जितके अंगठे तितके वजन. म्हणोन बयजाबाईने घरोघर सांगितले, आणि प्रत्येक घराने आपल्या नावाची पाटी भरोन झाडे कंदासकट उपटली, आणि मग शेजाऱ्याची पाटी मोठी दिसली म्हणोन पुन्हा उपटली, आणि सकाळी पंतांपुढे ढीग घातला. पंतांनी कपाळास हात लाविला. "अहो, हे काय केलेत! जगात होते ते येथेच होते!" बाई बोलिली, "म्हणून तर समदं आणलं, पंत. काय कमी पडाया नको."

मग नाव लागले. पुढील भाद्रपदात दरबारचे कामदार पाहणीस आले, कातळ हिंडले, पान दिसेना, आणि त्यांणी कळविले की, तेथील म्हणावे ऐसे तेथे काही नाही, पाणी अडविण्यास हरकत नाही. मग पाणी चढले, आणि देऊळ गेले, आणि माणसे चार दिशांस गेली.

पुढे बयजाबाई ते फूल पाहावयास राजधानीत, सुकविलेली झाडे ठेवितात त्या घरी आली. राखणदाराने कपाट उघडोन कागदावर डकविलेले झाड दाखविले, निळे होते ते तपकिरी जाहले होते. बाईने हात लाविला नाही. पुसिले, "याला पाणी घालता का वो?" राखणदार म्हणाला, "नाही आजी. पाणी लागलं की कुजतं ते." बाई बोलिली, "आमचंबी तसंच झालं, बाबा."

सारांश, रोमक गेले, गाव गेले, फूल गेले, आणि शेपूट कायम आहे. 'तेथील' ऐसे अद्याप लिहितात. इतके लिहिले, खरे खोटे सांगावयास तेथील कोणी राहिले नाही.