साखळी असलेला गड

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझा प्लॅन फसत नाही! इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या ऑफिसात एखादं प्रोजेक्ट गाळात रुतलं की सगळे माझ्या टेबलाकडे बघतात. आणि घरी तर विचारूच नका! फ्रिजवर आठवड्याचं टाइमटेबल, त्यात प्रत्येकाचा वेगळा रंग. माझा नवरा यतीन स्वतःच्या वाढदिवसालाही आधी फ्रिजपाशी जाऊन येतो, आज खूश कधी व्हायचंय ते बघायला.

अशा माझ्यापुढे या उन्हाळ्यात एक पेच पडला. माझे सासरे, नाना. सासूबाई जानेवारीत गेल्या. जूनमध्ये आम्ही नानांना पुण्याहून घेऊन आलो, दिवाळीपर्यंत ठेवायचं ठरवून. आणि ऑगस्ट संपता संपता नाना म्हणाले, "आश्लेषा, माझं तिकीट जरा अलीकडचं करून घे बघू."

"का हो नाना? काही कमी पडतंय का?"

"छे छे! छान आहे सगळं."

नाना ‘छान आहे’ म्हणतात ते डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखं! मला रडूच यायला लागलं. सासूबाईंशिवायची पहिली दिवाळी, आणि नाना पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकटे? एकटेच उटणं लावणार? नाही म्हणजे नाही!

"नाना, तुम्हाला काय दाखवलं तर तुम्ही थांबाल? बोला!"

नाना हसले. बँकेतली नोकरी सांभाळून ह्या माणसाने अर्धा सह्याद्री पायाखाली घातलाय. "एक खराखुरा गड दाखव. दिवाळीपर्यंत थांबतो!"

बस्स! त्याच रात्री मी जर्मनीचा नकाशा उघडला. मोझेल नदी. दोन्ही काठांवर द्राक्षमळे, आणि प्रत्येक वळणावर डोंगर नि डोंगरावर किल्ला. चार दिवस, सात किल्ले. व्हिसा, इंग्लंडहून समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी गाडी, हॉटेल, सगळं बुक. वर बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा!

पहिल्या किल्ल्यावर थेट दारापर्यंत मिनीबस गेली. आत लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर चढवायला फेल्टच्या ढगळ सपाता दिल्या. नाना त्या घालून घसरत घसरत तीन दालनं फिरले. बाहेर येऊन म्हणाले, "छान आहे. फरशी पण पुसून झाली."

दुसऱ्या किल्ल्याचं हॉटेल झालं होतं. बुरुजाला लिफ्ट!

"नाना, वरून काय व्ह्यू आहे बघा ना!"

"गड चढायचा असतो गं. लिफ्टने कुणी बुरुजावर जातं का?"

तिसऱ्यावर केक मिळत होता. चौथ्यावरही केकच! नानांचा चेहरा उतरत चालला आणि यतीनचं पोट वाढत चाललं. पण मी हरणारी नव्हे. शेवटच्या दिवशी सकाळी मी उरलेले तिन्ही किल्ले यादीतून उडवले आणि नदीपलीकडे बोट दाखवलं. तिथे डोंगरावर एक किल्ला दिसत होता. वेलींनी झाकलेला, एका बुरुजाचं छप्पर अर्धं खचलेलं. ना बस, ना पाटी, ना केक!

"यतीन, गाडी घे तिकडे."

"अगं, पण हा आपल्या प्लॅनमध्ये नाहीये. ओपनिंग अवर्स चेक केलेस का?"

"गडाला कसले ओपनिंग अवर्स रे?" मागून नाना म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता!

पायथ्याला पार्किंगचं मशीन यतीनचं कार्ड काही केल्या घेईना. त्याला तिथेच मशीनशी भांडत ठेवून आम्ही दोघं द्राक्षमळ्यातून निघालो. वाट अशी उभी की माझी जीभ बाहेर आली. नाना मात्र काठी टेकत पुढे! अर्ध्यावर वाट फुटली. एक रुंद, एक काट्याकुट्यांतली.

"रुंद वाट फसवी असते," नाना म्हणाले. "ही दुसरी बघ, चोरदरवाजाकडे जाणार!"

काटे, दगड, घसारा. आणि मग एकदम नाना थांबले. दोन दगडी खांबांमध्ये वाटेवर एक लोखंडी साखळी होती.

"आश्लेषा! साखळी!" नानांचे डोळे चमकले. "बघ, चढणाऱ्यांसाठी साखळीसुद्धा लावलीय. आता कसा गड वाटतोय!"

ती साखळी आडवी होती, हे मलाही दिसलं होतं. पण सह्याद्रीत साखळी असते ती धरून चढायला! आम्ही ती धरली, आणि तिच्याखालून चढलो.

तेवढ्यात यतीनचा फोन आला. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. पार्किंगची रडगाणी ऐकायची ही वेळ होती का?

वर खरंच एक बुटकं दार होतं. नानांनी ढकललं, ते उघडलं. आत दगडी चौक, विहीर, एक लांब बाक. नानांनी वाकून उंबऱ्याला हात लावला. बाजूच्या मातीतली चिमूटभर कपाळाला लावली आणि गर्जना केली, "हर हर महादेव!"

कबुतरं उडाली. एक खिडकी उघडली. आणि एप्रन बांधलेल्या एक उंच आजीबाई धावत बाहेर आल्या. मागून वासराएवढा कुत्रा!

"हे बघ, गडावरच्या मावशी!" नाना खुशीत येऊन म्हणाले. गडावर एखादं घर असतं, त्या घरात पिठलं-भाकरी, ताक मिळतं, हे कुणाला माहीत नाही? नाना बाकावर मांडी घालून बसले आणि इंग्रजीत म्हणाले, "गुड मॉर्निंग! बटरमिल्क मिळेल? दोन ग्लास."

आजीबाई आमच्याकडे बघतच राहिल्या. मग घाईघाईने एप्रनला हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही आलातसुद्धा? मागच्या दाराने?"

"आम्ही नेहमी मागूनच येतो," नाना म्हणाले.

आजीबाई पांढऱ्याफटक पडल्या. पण ताक आलं! पाठोपाठ पाव, चीज, प्लमचा केक. काय ती सर्व्हिस! मी मनातल्या मनात पाच स्टार देऊन टाकले. कुत्र्याने नानांच्या हातातली दशमी खाल्ली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून झोपला.

जेवण झाल्यावर नाना उठले आणि गड बघायला लागले. तटावर काठी आपटली. "हे झुडूप भिंतीत मुळं धरतंय. काढायला हवं!" आजीबाईंनी मान हलवली. विहिरीत डोकावले. "गाळ कधी काढला होता?" आजीबाई काकुळतीने म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नक्की काढते, सर!" खचलेल्या बुरुजाखाली नाना बराच वेळ उभे राहिले. "असा बुरूज पडू देणं पाप आहे, मॅडम."

आजीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे तुम्ही छप्पर मंजूर करताय?"

"मी तर म्हणतो, आजच बांधा!"

आजीबाईंनी नानांचे दोन्ही हात धरले. मी आपली जर्मन अगत्यावर खूश होऊन ताटलीखाली नोटा सरकवल्या.

"हे काय?" आजीबाई दचकल्या. "तुम्ही मला पैसे देताय?"

"जेवणाचे. आणि ताकाचे."

इतक्यात पुढच्या फाटकाची घंटा वाजली. आजीबाईंनी दार उघडलं. बाहेर फायली घेतलेले दोन सूटवाले. त्यांच्या मागे यतीन, घामाघूम!

"आश्लेषा! फोन का उचलत नाहीस? गेटवर एवढा मोठा बोर्ड आहे, प्रायव्हेट! घर आहे हे लोकांचं! कुत्र्यापासून सावध राहा म्हणून पण लिहिलंय!"

कुत्रा घोरत होता.

मग सगळा उलगडा झाला. सूटवाले होते सरकारी स्मारक खात्याचे, बुरुजाच्या दुरुस्तीची पाहणी करायला आलेले. आणि आजीबाई, म्हणजे फ्राऊ ब्रिंकमन, या किल्ल्याच्या मालकीण, इतका वेळ नानांनाच साहेब समजत होत्या! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यातून एका साहेबाने नानांच्या कपाळाकडे बघून नाक मुरडलं. ती माती गुलाबाच्या वाफ्यातली होती. त्यात कालच शेणखत घातलं होतं!

फ्राऊ ब्रिंकमन कडाडल्या, "माझ्या घरात कसे शिरलात तुम्ही?"

नाना शांतपणे उठले. हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं. आमच्याकडे गडावर राहणारा माणूस वर येणाऱ्याला जेवू घालतो."

"आणि आमच्याकडे वर येणारा माणूस घंटा वाजवतो!"

मग फ्राऊ ब्रिंकमननी त्या कुत्र्याकडे पाहिलं, नानांच्या कपाळाकडे पाहिलं, आणि अशा हसल्या की कबुतरं पुन्हा उडाली! "माझे मिस्टर गेल्यापासून त्या वाटेने कुणी चढून आलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांसाठी कॉफी ठेवायला आत गेल्या. नाना साहेबांना भिंतीतलं झुडूप दाखवायला घेऊन गेले. साहेबांनी ते लिहूनही घेतलं!

परतताना गाडीत नाना गुणगुणत होते. पाच वेळा म्हणाले, "काय मजा आली!" एकदाही ‘छान आहे’ म्हणाले नाहीत. मी संधी साधली.

"मग नाना? ठरलं ना? दिवाळीपर्यंत?"

"थांबतो की!"

"बघ यतीन! शेवटी गड दाखवलाच की नाही मी?"

"गडासाठी नाही गं थांबत," नाना म्हणाले.

"मग?"

"रागावू नकोस हं. पण सकाळी चालणं, मग योगा, मग लायब्ररी, मग पेन्शनरांचा क्लब! इथे आल्यापासून तुझ्या सासूबाईंसाठी रडायलासुद्धा निवांत वेळ मिळाला नाही मला. फ्रिजवर माझा हिरवा रंग बघितला की परत पांघरुणात शिरावंसं वाटायचं. तिकीट बदलायला सांगितलं ते त्या फ्रिजपायी! आज पहिल्यांदा तुझं काही ठरलेलं नव्हतं. वाट चुकलो, शिव्या खाल्ल्या, पोटभर हसलो. तुझ्या सासूबाईंना किती आवडलं असतं! असं अधूनमधून चुकत जाऊ या. मग मी राहतो."

यतीन इतका मन लावून गाडी चालवायला लागला की मी समजले, हे त्याला आधीपासून माहीत होतं.

बेल्जियम संपेपर्यंत मी खिडकीबाहेरच्या गाई मोजत बसले. नानांचं खरं होतं. घरी पोचल्या पोचल्या मी फ्रिजवरचा हिरवा रंग सगळा पुसून टाकला, अगदी मनापासून.

मग मोकळ्या झालेल्या जागेत एकच ओळ लिहिली: "रविवार, दुपारी दोन ते चार, वाट चुकणे."

आणि खाली बारीक अक्षरात, "पाऊस असल्यास पुढच्या शनिवारी." आता इंग्लंडमध्ये राहायचं म्हणजे एवढी तरी सोय ठेवायला नको का?