रविवारचे तीन तास

पुढच्या दिवाळीला नातवंड मांडीवर घेणारच, असं सगुणाबाईंनी बुवापाड्याच्या नळावर जाहीर करून टाकलं! तीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं शिकवली, आता घरचं एक हवं होतं. मण्यांची पाटी पुसून तयार होती. मणी सरकवणारी बोटं तेवढी यायची होती.

अडचण त्यांनी अचूक ओळखली होती. खोली एकच. पडद्याच्या अलीकडे मुलगा राजेश आणि सून नूतन, पलीकडे खोकणाऱ्या सगुणाबाई. उपाय सोपा! दर रविवारी दोन ते पाच त्या छत्री घेऊन देवळाच्या पायरीवर.

चौथ्या रविवारी शेजारच्या जनाबाईंनी गाठलं.

"सुनेनं घराबाहेर काढलं का गं, सगुणा?"

"छे गं!"

"मंग डोळे कशाला पुसतेस?"

डोळे उन्हाने पाणावले होते. पण पायरीवर बसायचं खरं कारण सांगणार कसं? सगुणाबाई लाजून गप्प बसल्या आणि तिथेच घात झाला! जनाबाई पदर खोचून निघाल्या. वाटेत दोघी मिळाल्या, मग चौघी, मग अख्खं भजनी मंडळ टाळांसकट!

"अगं, पाच वाजेपर्यंत तरी थांबा!" सगुणाबाई मागून ओरडत होत्या.

दार धाडधाड वाजलं. सगुणाबाईंनी डोळे घट्ट मिटले.

नूतनने दार उघडलं. गळ्यात टेप, केसांत निळे धागे. शिलाई मशीनभोवती उल्हासनगरहून आलेल्या जीन्सच्या खिशांचा डोंगर आणि त्याला टेकून रात्रपाळी करून आलेला राजेश घोरत होता!

"वाजले पाच?" त्याने एक डोळा उघडला.

"दर रविवारी हेच?" सगुणाबाईंचा आवाज चिरकला.

"तीनच तास जागा मोकळी मिळते, आई," नूतन म्हणाली. "वांगणीला घर घ्यायचंय ना!"

"आणि मूल?"

नूतनने कॅलेंडरमागून गोळ्यांचं पाकीट काढलं. प्रत्येक तारखेवर बरोबरची खूण.

"आधी घर, मग पाळणा. पाळणा लांबवायचा कसा, हे माझ्या आईला अंगणवाडीत तुम्हीच शिकवायचात. तिच्या मांडीवर बसून ऐकलंय मी!"

"आमच्याकडं सासू सांगंल तेव्हा पाळणा हलतो," जनाबाई फणकारल्या. "तीन नाती झाल्या, आता नातू!"

त्यांच्या मागून त्यांची सून काशी हळूच म्हणाली, "वैनी, ते पाकीट मिळतं कुठं?"

जनाबाईंनी तिला हाताला धरून ओढतच नेलं!

तीस वर्षं सगुणाबाईंनी घसा फोडला होता. धडा गिरवला एकीनेच, आणि ती नेमकी त्यांची सून!

गर्दी पांगली. सगुणाबाई खाली बसून खिशांचे धागे तोडू लागल्या. त्यात एक चिमुकला खिसा हाती आला. त्यांनी दोन बोटं आत घातली. एवढीशी मूठ यात अगदी बरोबर मावेल. बोटं बराच वेळ आतच राहिली.

"आई," नूतन हळूच म्हणाली, "खिसा सैल होतोय. शेठ माल परत पाठवेल."