‘हांट’ शब्दाच्या मोहिमेची हकीकत

श्रीवाग्देवता प्रसन्न असो, आणि परक्या शब्दापाशी अडखळणाऱ्या सकळ जिभांस सांभाळून घेवो. शके १९४५, शोभकृत नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका लहानशा राज्याचे धनी रखमाजीराव महाराज यांस खबर पावली की, जर्मन मुलुखी नांदणाऱ्या कन्या अंबिकाराजे आपली चार वर्षांची लेक रेवा हिजला घेऊन पंधरा दिवसांनी विमानाने येतात, आणि रेवा जर्मन भाषेवाचून दुसरी जाणत नाही. मागे एकदा फोनच्या पडद्यावर आजोबा दिसताच पोरीने उशी तोंडावर ओढली होती. ते महाराजांचे काळजात रुतले होते, सबब अन्न गोड लागेना, बसल्या जागी करमेना. मग शाळेत जर्मन शिकवून निवृत्त जाहालेल्या गोदूबाई आगाशे यांस पाचारण केले. बाईंनी महाराजांचे वय आणि वकूब पाहून सांगितले की भाषा राहू द्यावी, एक शब्द पुरे, ‘हांट’ म्हणजे हात. आणि वाक्ये दोन नेमून दिली, ‘गिप मिर डी हांट’, म्हणजे तुझा हात दे, आणि ‘डी हांट इस्ट काल्ट’, म्हणजे हात गार आहे. मग महाराज आरशापुढे बोलले, घोड्यापुढे बोलले, आणि भोजनसमयी आचाऱ्यास ‘हांट काल्ट’ ऐसे बोलले, तो आचारी अन्न ‘कोल्ड’ जाहाले समजून घाबरून शेगडी घेऊन आला. दिवाणजींपुढे हात करून पहिले वाक्य म्हटले, तो दिवाणजींनी हा निरोपाचा हात समजून राजीनामा आणून ठेवला. तरी महाराज थांबले नाहीत, सज्ज्यातून दिंडीदरवाजापर्यंत येरझारा घालीत पुटपुटत राहिले. आणि दरबारची चाल ऐसी की धन्याने हुकूम स्वमुखे देऊ नये, चोपदार भिकाजीने काठी आपटून पुकारावा. गोदूबाईंनी निक्षून सांगितले, “महाराज, हे तुमच्याच तोंडून गेलं पाहिजे. भिकाजीच्या नाही.” महाराजांनी मान डोलाविली.

नेमल्या दिवशी रेवा दिंडीपाशी उतरली, तो चाळीस वर्षांच्या सवयीने महाराजांची नजर भिकाजीकडे गेली. भिकाजीने पंधरा दिवस दाराआडून सर्व ऐकून पाठ केले होते. त्याने काठी आपटून ऐसे पुकारले की पारवे उडाले, “गिप मिर डी हांट!” पोर आईच्या पाठीमागे दडली. अंबिकाराजे बोलल्या, “आबासाहेब, हात मागताय की हजर करवताय?” मायलेकी पुढे निघाल्या, मागून महाराज जिना चढू लागले. गुडघा दुखे, पण धन्यास हात लावण्याची कोणास मुभा नव्हती, सबब पाचवे पायरीवर एकलेच थांबले. रेवाने ते पाहिले, आणि पुढे चढून गेलेली ती उलट खाली आली, पायरीवर बूट आपटला, आणि हुबेहूब भिकाजीच्या सुरात पुकारले, “गिप मिर डी हांट.” महाराजांनी हुकूम मानिला. पोरीने हात धरिला आणि दचकून वर पाहिले. तेव्हा महाराज प्रथमच स्वमुखे, हळू, बोलले, “डी हांट इस्ट काल्ट.” मग तिने दुसराही हात वर ठेविला.

सारांश, शब्द एक, वाक्ये दोन. एक नातीने म्हटले, एक आजोबांनी. नऊ पायऱ्या राहिल्या होत्या, त्या दोघे मिळून चढले. भिकाजी काठी घेऊन खाली उभा होता, त्यास कोणी वर बोलाविले नाही.